तेल बंद, तूप बंद, तरी ट्रायग्लिसराइड हलेना? मग चरबी नेमकी कुठनं येतीय ते बघा

लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न येतोच येतो. रिपोर्टचा कागद पुढं सरकवायचा, ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, आकड्यावर बोट ठेवायचं अन् म्हणायचं, "मालक, सहा महिने झाले तेल सोडलंय, मटण सोडलंय, अंड्यातला पिवळा बलक पण काढून टाकतो, तरी हे २८० कसं काय?" मागच्या खेपेला २६५, त्याच्या आधी ३१०, मध्ये एकदा १९० आलं तेव्हा घरात पेढे वाटले आणि पुढच्या रिपोर्टला परत होतं तिथंच. मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळं गोळी कुठली चालू ठेवायची कुठली बंद करायची यात मी पडणार नाही, पण रक्त काढायचं, फिरवायचं, मशीनला लावायचं हे रोजचंच असल्यानं हा आकडा कशाचा असतो आणि कशामुळं वरच राहतो एवढं सांगता येतंय, आणि काउंटरवर मागं लाइन असताना ते दोन वाक्यात होत नाही म्हणून इथं लिहितोय.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. रक्तातली चरबी फक्त ताटातल्या तेलातनं येत नाही. एक भाग जेवणातनं येतो, एक भाग लिव्हर स्वतः साखर-पिठापासनं तयार करतं, आणि एक भाग पोटावर आधीच साठलेल्या चरबीतनं सुटून येतो. तेल बंद केलं की यातली एकच वाट बंद होते, आणि २००-४०० च्या मधे अडकलेल्या बहुतेक लोकांची ती सगळ्यात बारकी वाट असते.

आधी आकडाच खरा आहे का ते बघा

उपाशीपोटी म्हणजे १० ते १२ तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. "फक्त अर्धा कप चहा घेतलाय की, त्यात काय" हे रोज ऐकतो मी. त्या अर्ध्या कपात दूध आहे, साखर आहे, आणि उपास तिथंच मोडला. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड तीन-चार तासांनी सगळ्यात वर जातं आणि खाली यायला अजून काही तास घेतं, त्यामुळं रात्री साडेअकराला लग्नाच्या पंगतीतनं उठून सकाळी सातला हात पुढं केला तर रिपोर्टमध्ये ती पंगतच येणार. आदल्या दिवशी ढाब्यावर बसून दोन-तीन पेग झाले असतील तर विचारूच नका. दारूचा परिणाम या आकड्यावर थेट होतो, टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस तरी लांब राहा. ताप, इन्फेक्शन, नुकतंच ऑपरेशन झालंय अशा वेळी पण लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची ही तपासणी, करू नका, आकडे भरवशाचे येत नाहीत.

दुसरं म्हणजे हा आकडा मुळातच चंचल. तोच माणूस, तीच लॅब, सगळं नीट पाळलं तरी एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी वीसेक टक्के इकडं-तिकडं सहज होतं. म्हणजे २८० चं २४५ झालं म्हणून उड्या मारायच्या नाहीत आणि २६५ चं २९० झालं म्हणून रडायचं नाही, तो एकच आकडा समजा. १५० च्या आत ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० च्या पुढं फार जास्त, अशी विभागणी आहे. तुमचा आकडा कुठल्या खान्यात वर्षानुवर्षं बसतोय ते बघा.

आणि एक गोष्ट, रिपोर्टात व्हीएलडीएल (लिव्हर ज्यात चरबी भरून रक्तात सोडतं त्या गोळ्या) नावाची ओळ असते, ती ५६ आली की लोक घाबरतात की आता हे नवीन काय निघालं. बहुतेक लॅबमध्ये तो आकडा मोजलेला नसतोच, ट्रायग्लिसराइडला ५ नं भागलेलं असतंय. २८० भागिले ५, झालं ५६. एलडीएल, म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, सुद्धा बऱ्याचदा याच हिशोबातनं वजाबाकी करून काढतात, त्यामुळं ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो एलडीएलचा आकडा धरायचा नाही, थेट मोजलेला एलडीएल वेगळा सांगावा लागतो.

नळीत काय दिसतं

रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर सीरम राहतं. चांगलं सीरम फिकट पिवळं अन् आरपार, नळीमागं छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड तीनशेच्या पुढं गेलं की ते धुरकट व्हायला लागतं आणि हजाराच्या आसपास पोचलं की चक्क दुधासारखं पांढरं. नवीन पोरं ट्रेनिंगला येतात ती पहिल्यांदा असली नळी बघून विचारतात, हे काय सांडलंय का आत? नाही बाबा, ही माणसाच्या रक्तातली चरबी आहे.

आता गंमत बघा. जुन्या काळी लॅबवाले असली नळी रात्रभर फ्रिजमध्ये ४ डिग्रीला उभी ठेवायचे. सकाळी वर साय धरली आणि खालचं स्वच्छ राहिलं तर ती चरबी जेवणातनं आलेली, आतड्यानं पॅक केलेली. साय न धरता सगळी नळी सारखीच गढूळ राहिली तर ती लिव्हरनं बनवून पाठवलेली. आता ही टेस्ट कोणी करत बसत नाही, पण तेल सोडलेल्या माणसाला दोन वाटांचा फरक दाखवायला याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

जेवणातल्या तेलाचा रस्ता असा, पित्तानं त्याचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाचा रस ते तोडतो, आतड्याची भिंत ते तुकडे शोषून परत जोडते आणि कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या गोळ्यांत भरून रक्तात न सोडता लसीकेत (लिम्फच्या वेगळ्या नळ्यांत) सोडते, तिथनं ते छातीतनं वर चढून मानेजवळ डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत उतरतात. म्हणजे ही चरबी पहिल्या फेरीत लिव्हरला टाळून जाते. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी आपापल्या केशवाहिन्यांवर लिपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम लावून बसलेले असतात, ते यातली चरबी काढून घेतात आणि १२ तासांनी निरोगी माणसाच्या रक्तात यातलं जवळजवळ काही शिल्लक नसतं. म्हणजे तुमचं सॅम्पल खरंच उपाशीपोटी असेल आणि तरी २८० येत असेल तर त्यात रात्रीच्या भाजीचं तेल बसलेलं नाहीये, त्यातला बहुतेक माल लिव्हरचा आहे.

साखर-पिठाचं उलट. त्याचं ग्लुकोज आतड्यातनं थेट लिव्हरलाच जातं आधी. लिव्हर त्यातलं शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, म्हणून ठेवतं, स्नायू तीन-चारशे ग्रॅम ठेवतात, आणि एवढीच जागा असते, अख्ख्या शरीराची मिळून दोनेक हजार कॅलरी. चरबीच्या साठ्याला मात्र अशी हद्द नाही, सडपातळ माणसाच्या अंगात सुद्धा लाखभर कॅलरीची चरबी असते. ग्लायकोजेनची जागा भरलेली असताना वरनं अजून साखर-पीठ आलं की लिव्हर त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडून १६ कार्बनची पामिटिक आम्लाची साखळी तयार करतं, अशा तीन साखळ्या एका ग्लिसरॉलला जोडल्या की ट्रायग्लिसराइड, आणि ते व्हीएलडीएलच्या गोळ्यांत भरून रक्तात रवाना. फळातली आणि साखरेतली फ्रुक्टोज यात अजून पुढं, कारण ग्लुकोजवर लिव्हरमध्ये जो मधला लगाम असतो तो फ्रुक्टोजला लागत नाही. साधी साखर निम्मी फ्रुक्टोजच असते. गूळ पण मुख्यतः तीच साखर, रंग वेगळा म्हणून लिव्हर फसत नाही.

२००५ साली एक छोटा पण फार नेटका अभ्यास आला होता, फॅटी लिव्हर असलेल्या माणसांना खुणा लावलेले पदार्थ देऊन त्यांच्या लिव्हरमधली चरबी आली कुठनं ते मोजलं. ५९ टक्के अंगावरच्या चरबीतनं सुटून आलेली, २६ टक्के लिव्हरनं स्वतः नव्यानं बनवलेली आणि जेवणातल्या तेलातुपाची फक्त १५ टक्के. हे तीन आकडे मी काउंटरवरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेत. तेल सोडून तुम्ही त्या १५ टक्क्यांशी भांडताय.

मग ते ५९ टक्के कुठनं सुटतात

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचं गोदाम बघितलंय का, एकच शटर, ट्रकमधनं माल आत घ्यायचं चालू असेल तेव्हा बाहेर जाणारा माल थांबतो. चरबीच्या पेशीचं शटर इन्सुलिनच्या हातात आहे. जेवलो, ग्लुकोज वाढलं, इन्सुलिन आलं की पेशी चरबी आत घेते आणि आतली तोडून बाहेर सोडणारं एन्झाइम बंद पडतं. जेवणाचा भर ओसरला, इन्सुलिन उतरलं की आउटवर्ड चालू, ट्रायग्लिसराइड तुटून फॅटी ॲसिड सुटतात, अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून रक्तातनं स्नायूंकडं, हृदयाकडं, लिव्हरकडं जातात. ग्लिसरॉल लिव्हरला जाऊन त्याचं परत ग्लुकोज होतं. रात्री झोपेत आपण बऱ्यापैकी याच्यावरच चालतो.

घोळ होतो तो पोट सुटल्यावर. पेशी भरून भरून तट्ट झाल्या की त्या इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, शटर पूर्ण पडतच नाही, जेवण झाल्यावर सुद्धा फॅटी ॲसिड गळत राहतात. आतड्यांभोवतीच्या चरबीतनं जे गळतं ते तर थेट लिव्हरच्याच शिरेत पडतं. लिव्हरला ते ठेवून घेता येत नाही फार, मग ते ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलमधनं परत रक्तात, आणि जे जात नाही ते तिथंच साठतं, सोनोग्राफीत "ग्रेड १ फॅटी लिव्हर" म्हणून येतंय ते हेच. अशा माणसाचा एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, पण कमी दिसतो, कारण जादा व्हीएलडीएल आपली चरबी एचडीएलला देत राहतं आणि तसला एचडीएल शरीर लवकर काढून टाकतं. ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, ही जोडी रिपोर्टात दिसली की मी लगेच त्या माणसाच्या बेल्टच्या भोकांकडं बघतो. जुन्या भोकावर घडी पडलेली असते अन् बक्कल पुढच्या भोकात.

"पण मी तर बारीक आहे हो!" हे पण असतंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ही खोड फार आधी दाखवून दिली. त्यांचा आणि त्यांच्या एका इंग्लंडच्या सहकाऱ्याचा शेजारीशेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी एकसारखा २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय काडी आणि चरबी मध्यावर, अशी आपली ठेवण. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. बेंबीच्या लेव्हलला श्वास सोडून मोजा, पुरुषाचं ९० सेंटीमीटर आणि बाईचं ८० च्या पुढं असेल तर मी वर लिहिलेली गोष्ट तुमचीच आहे.

सोलापुरात साखर-पीठ लपतं कुठं

सगळ्यात आधी चहा. नवी पेठेतल्या एका दुकानदार अण्णांना मी एकदा सगळा दिवस मोजायला लावला. सकाळी घरी एक, दुकान उघडल्यावर एक, गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर, बाजूच्या दुकानातला आला की त्याच्याबरोबर, अशा सहा-सात कपांच्या खाली माणूस येतच नाही. कपाला दीड-दोन चमचे साखर धरली तरी दिवसाची पन्नास-साठ ग्रॅम होते, त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि दर दीड-दोन तासांनी एकेक कप म्हणजे इन्सुलिन उतरायच्या बेतात आलं की परत वर, शटर दिवसभर इनवर्डवरच. अण्णा म्हणाले, "चहा कुठं खाण्यात धरतात?" इथंच तर पाणी मुरतंय.

विड्या वळणाऱ्या मावश्या येतात त्यांचं अजून अवघड. मांडीवर सूप घेऊन सकाळपासनं एका जागी बसायचं, हजार विड्या पुऱ्या व्हायच्या तर उठायला वेळ कुठला, जेवायला भात आणि पातळ आमटी कारण ते पटकन होतं, आणि भूक मारायला चहा-खारी. तेल त्यांच्या घरात आधीच कमी, महागाईनं. त्यांना "तेल कमी करा" असं सांगून रिपोर्टात काय फरक पडणार? त्यांना भात निम्मा करून त्या जागी मटकी-हुलग्याची उसळ, दाण्याचं कूट, अंडं परवडत असेल तर अंडं, आणि मधनं मधनं उठून चार पावलं, हे सांगावं लागतं. बसून राहिलं की पायाच्या स्नायूंमधलं ते चरबी ओढून घेणारं लायपेज सुस्तावतं, चाललं की जागं होतं.

आता कडक भाकरी. ज्वारीच्या भाकरीशी माझं काही वाकडं नाही, मंगळवेढ्याची मालदांडी म्हणजे आपली शान आहे, चोथा भरपूर, मैद्याच्या पावापेक्षा शंभरदा चांगली. पण ज्वारीच्या पिठात सुद्धा १०० ग्रॅमला सत्तरेक ग्रॅम कर्बोदकंच आहेत, आणि कडक भाकरी कागदासारखी पातळ अन् कुरकुरीत असल्यानं आमटीत चुरून खाताना किती गेल्या कळतच नाही. डाएट म्हणून पाकीट आणायचं आणि टीव्हीसमोर बसून संपवायचं. एकदा काट्यावर टाकून वजन करून बघा नेहमीच्या भाकरीच्या हिशोबात, आपोआप हात आखडेल.

याउलट शेंगा चटणीला लोकांनी फुकट बदनाम केलंय. शेंगदाण्यात निम्मी चरबी असते खरं, पण ती मुख्यतः असंतृप्त, बरोबर प्रोटीन, आणि पोट भरल्यासारखं वाटतं. दोन चमचे चटणीनं कुणाचं ट्रायग्लिसराइड २८० झालेलं नाही. चटणी बंद करून त्याच ताटात तिसरी वाटी भात घेतला तर झालं असेल. म्हणून तेल वाटीनं प्या असं मी म्हणत नाहीये हं, चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि साखर-पिठाच्या ४, जादाचं तेल पण पोटावरच बसतं आणि ते बसवायला शरीराला कष्ट पण फार पडत नाहीत. डिस्को भजीची प्लेट ही तेल आणि पीठ दोन्ही वाटांनी येते. मुद्दा एवढाच की तेल काढलं तर त्याच्या जागी ताटात काय आलं ते बघा.

उपास हा तर वेगळाच विषय. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी घराघरात, पण एकादशी अन् दुप्पट खाशी हे कुणी उगाच म्हणलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू, केळी, संध्याकाळी भगर अन् दाण्याची आमटी. सणाला म्हणून खा की, पण त्या दिवशी चरबी जळली असं समजू नका. उन्हाळ्यात उसाचा रस, लिंबू सोडा, आमरस, मोसंबीचा ज्यूस "तब्येतीला चांगला" म्हणून, हे सगळं एकाच खात्यावर. डाळिंब आपलं जगात जातं, पण सोलून दाणे खा, पाच डाळिंबांचा ग्लास करू नका.

दारू पिणाऱ्यांनी वरचं सगळं सोडून आधी तेच बघावं. दारू आली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तिला जाळतं, चरबी जळायची थांबते आणि लिव्हरमध्ये साचते. काही जणांचा आकडा बाकी काहीही न बदलता फक्त महिनाभर दारू थांबवली की झपकन उतरतो.

चरबी जळते कशी, अन् घामाचं काय

फॅटी ॲसिड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, शिरून दोन-दोन कार्बननं तुटत जातं, जर्मनीतल्या फ्रान्झ क्नूपनं १९०४ मध्येच हे दोन-दोनचं गणित पकडलं होतं. एका पामिटिक आम्लापासनं पेशीला एटीपीचे, म्हणजे पेशी जी ऊर्जा खर्चते तिचे, १०६ रेणू मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूपासनं तीस-बत्तीस. पण यात एक अट आहे, ज्या क्षणी पेशीत नवीन चरबी बनवायचं काम चालू असतं तेव्हा तयार होणारा मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थच मायटोकॉन्ड्रियाचा दरवाजा अडवतो. बनवणं आणि जाळणं एका वेळी चालत नाही. म्हणजे लिव्हर साखरेपासनं चरबी बनवण्यात गुंतलंय तोवर तिथं जळणार काय. याला ऑक्सिजन पण लागतोच. मेंदू फॅटी ॲसिड थेट वापरत नाही, लांब उपासात लिव्हर फॅटी ॲसिडचे कीटोन नावाचे छोटे रेणू करून मेंदूला पुरवतं, आणि लाल पेशींत मायटोकॉन्ड्रियाच नसल्यानं त्यांना ग्लुकोजच लागतं, म्हणून लिव्हरला थोडं ग्लुकोज सतत बनवत राहावं लागतं.

मे महिन्यात ४२ डिग्रीत पोटाला प्लास्टिकचा पट्टा आवळून सिद्धेश्वर तलावाकडं चालणारी माणसं बघतो मी, घाम येतोय म्हणजे चरबी वितळतीय म्हणतात. घाम हे पाणी आणि मीठ. १० किलो चरबी जळाली तर तिच्यातनं ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातनं जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं, हा हिशोब २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. पट्ट्यानं फक्त चक्कर येईल. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतं ते पण मोठा भाग पाणीच, ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं ते सुटतं. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी आणि एक किलोमीटर चाललं की जातात पन्नासेक, आता तुम्हीच बघा.

मग चालायचं कशाला? वजनासाठी नव्हे, ट्रायग्लिसराइडसाठी. आज चाललेल्या स्नायूत ते लायपेज वाढलेलं राहतं आणि उद्याच्या जेवणाची चरबी सुद्धा लवकर ओढून घेतली जाते, पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास आणि सोमवार ते शनिवार दुकानाच्या गादीवर, याला अर्थ नाही. रोज अर्धा तास, जमलं तर रात्रीच्या जेवणानंतर, आणि ते जेवण साडेआठच्या आत. चालून झाल्यावर पार्क चौकात दोन चहा आणि भजी झाली तर मात्र हिशोब उलटा.

वजन ५ ते १० टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण वीसेक टक्के उतरतं. ७८ किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. आणि उतरवलेलं टिकवायला लागतं, कारण चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, त्यांची संख्या फारशी कमी होत नाही, त्या तिथंच बसलेल्या असतात भरून घ्यायला तयार. रिपोर्ट १९० येऊन परत २८० होतो तो बहुतेक वेळा इथं.

सगळं करून पण हलत नसेल तर

डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनीचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघून घ्या. थायरॉइड कमी असेल किंवा शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर ट्रायग्लिसराइड खाली येतच नाही, मूळ दुखणं धरल्याशिवाय. औषधांनी पण वाढतं, स्टिरॉइड, काही बीपीच्या गोळ्या, काही हार्मोनच्या गोळ्या, पिंपल्ससाठी देतात ती आयसोट्रेटिनॉइन. गोळी मनानं बंद करू नका, फक्त आपण काय काय घेतोय त्याची यादी डॉक्टरांपुढं ठेवा, आयुर्वेदिक पुड्यांसकट, त्यात काय घातलेलं असतं ते आपल्याला कुठं माहीत असतंय. आणि गरोदर बायकांचं ट्रायग्लिसराइड वाढतंच, तो आकडा वरच्या खान्यांत बसवू नका.

घरात आई-वडिलांचं पण वाढलेलं असेल, कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल तर तेही सांगा. काही घराण्यांत हे रक्तातच असतं आणि तिथं चहा कमी करून काम भागत नाही, गोळी लागते. लागली तर घ्यावी, त्यात कमीपणा कसला.

एका ठिकाणी मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. आकडा ५०० च्या पुढं असेल तर लवकरात लवकर डॉक्टरकडं, आणि हजाराच्या वर असेल तर त्याच दिवशी. तिथं रक्तात आतड्याकडनं आलेल्या गोळ्या पण तुंबलेल्या असतात, लायपेजला आवरेनासं झालेलं असतं, आणि अशा वेळी तेल-तूप खरंच जवळजवळ बंद करावं लागतं, दारू तर पूर्णच. यात धोका स्वादुपिंडाला सूज यायचा असतो. वरच्या पोटात जोराची कळ, पाठीकडं जाणारी, उलट्या, असं झालं तर ॲसिडिटीचं पातळ औषध पीत घरी बसू नका, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठा आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या.

बाकीच्यांनी बदल केल्यावर आठवड्याभरात टेस्टला पळू नका, आठ ते बारा आठवडे जाऊ द्या. त्याच लॅबमध्ये, तेवढेच तास उपाशी, आदल्या दोन-तीन दिवसांत नेहमीचंच खाऊन या. टेस्ट आहे म्हणून तीन दिवस नुसती काकडी खाऊन येणारे असतात, त्यांचा आकडा त्या तीन दिवसांचा येतो आणि डॉक्टर त्याच्यावर औषध ठरवतात. जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेनं लावून आणा, कंबरेचं माप मागच्या बाजूला पेननं लिहा. आणि सकाळी लवकर या, नऊनंतर गर्दी असते, अन् चहा रक्त दिल्यावर, बिनसाखरेचा.